सर्व्हरच्या यादीतली सौंदर्यस्थळं

मार्च २०१६ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लोचे त्या वेळचे अभियंते निक क्रेव्हर यांनी आपल्या संकेतस्थळामागे कोणकोणती यंत्रं उभी आहेत याची यादी जाहीर केली. प्रोसेसरचा क्रमांक, रॅमच्या स्टिक किती आणि केवढ्या, डिस्क कुठली, नेटवर्क कार्ड कुठलं, सगळं उघड. कंपन्या असला तपशील सहसा उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. त्यामुळे या क्षेत्रातल्या माणसांनी ती यादी तेव्हा हौसेने वाचली, ‘बाप रे, एवढ्यातच भागतं?’ म्हणाली आणि आपापल्या कामाला लागली. माझ्या मते ती सावकाश वाचायची गोष्ट आहे. सामानाच्या यादीत एरवी न दिसणारं काहीतरी तिच्यात आहे. ओळीओळीत कुणीतरी थांबलंय, कामाचा स्वभाव ओळखलाय आणि मगच आकडा लिहिलाय.

आधी बोजा केवढा ते पाहू. ९ फेब्रुवारी २०१६ या एका दिवसात त्यांच्या लोड बॅलन्सरवर २०,९४,२०,९७३ विनंत्या आल्या. त्यातून ६,६२,९४,७८९ पानं वाचकांपुढे गेली. हिंजवडीत काय नि बर्लिनमध्ये काय, कोड अडला की माणूस जिथे धाव घेतो ते हे ठिकाण. त्यामुळे त्याला धड रात्र अशी नाहीच. आणि हा भार उचलायला वेब सर्व्हर किती? अकरा. त्यातले दोन चाचणी आणि साइटविषयीच्या चर्चेच्या ‘मेटा’ साइटसाठी राखीव, म्हणजे खरे राबणारे नऊ. डेटाबेसची चार यंत्रं, मेमरीतच डेटा धरून ठेवणाऱ्या रेडिसची दोन, टॅग इंजिनाची तीन, शोधाची तीन, लोड बॅलन्सर चार. यंत्रांच्या उंचीची बेरीज केली तर ती ३१ यू भरते. बाजारात मिळणारा साधा रॅक ४२ यूचा असतो.

यादीबरोबर क्रेव्हर यांनी खरेदीआधी स्वतःला विचारायचे प्रश्नही दिले होते. हे काम एका दांडग्या यंत्राचं की चार साध्या यंत्रांचं, हा पहिला. एखादं बंद पडलं तर किती उरली पाहिजेत, हा दुसरा. मग हे काम डिस्कला हात लावणार का? लावणार असेल तर किती लिहिणार, किती वाचणार? मेमरीत काय काय मावायला हवं? प्रोसेसरकडून एकाच वेळी अनेक कामं करून घ्यायची आहेत की एकच काम झटपट? आपल्या ऑफिसात सर्व्हर घ्यायचं ठरलं की बोलणं बरोबर उलट्या टोकाने सुरू होतं: बजेट किती, डेल की एचपी, आणि सध्या लेटेस्ट काय चाललंय. वर विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं नसतील तर ‘लेटेस्ट’ला काही अर्थ नाही, हे ही यादी ओळीगणिक दाखवत जाते.

वेब सर्व्हर घ्या. डेल आर६३०, एक यूचं, म्हणजे पावणेदोन इंच उंचीचं यंत्र. आत दोन प्रोसेसर, इंटेलचे झिऑन ई५-२६९० व्ही३, प्रत्येकी बारा कोअरचे. वेब सर्व्हरपुढे येणाऱ्या विनंत्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नसतो. त्या हव्या तितक्या हातांत वाटून देता येतात. म्हणून इथे कोअर भरपूर आणि वेग मध्यम, २.६ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.५. इथवर कुणीही आलं असतं. डोळा अडकतो तो पुढच्या ओळीवर: ६४ जीबी रॅम, ८ जीबीच्या आठ स्टिक. खरं तर १६ जीबीच्या चार स्टिकमध्येही ६४ भरतात, वर पुढच्या वाढीसाठी स्लॉटही मोकळे राहतात. मग आठ कशाला? या पिढीच्या प्रत्येक झिऑनपासून मेमरीकडे चार चॅनल जातात. प्रोसेसर दोन, चॅनल आठ, स्टिक आठ. एका चॅनलवर एक, एकही चॅनल रिकामा नाही. चार स्टिक घेतल्या असत्या तर कागदावर तेच ६४ जीबी दिसले असते आणि मेमरीची बँडविड्थ मात्र निम्मी झाली असती. कोटेशनमध्ये हा फरक दिसत नाही. तिथे ‘६४ जीबी’ एवढंच छापून येतं आणि खरेदी विभाग त्याखाली सही करतो. ‘आठ गुणिले आठ’ असं लिहिणाऱ्या माणसाने मदरबोर्डचा नकाशा पाहिलेला असतो.

याच यंत्रातली डिस्क आणखी गमतीची आहे. नव्या पिढीच्या प्रोसेसरशेजारी इंटेल ३२० मालिकेचे ३०० जीबीचे दोन एसएसडी आहेत, एकाची नक्कल दुसऱ्यावर, म्हणजे रेड-१ मांडणीत. ही मालिका बाजारात आली २०११ मध्ये. नवं यंत्र आणि जुनी डिस्क ही जोडी पाहून एखाद्याला वाटेल, इथे काटकसर आडवी आली. पण हा वेब सर्व्हर डिस्कवर करतो तरी काय? ऑपरेटिंग सिस्टीम उठवतो आणि प्रोग्रॅम एकदा मेमरीत घेतो. वाचकाचं पान तयार करताना त्याला डिस्क लागत नाही. जे लागतं ते स्वतःच्या मेमरीत, रेडिसमध्ये किंवा डेटाबेसमध्ये असतं. तिथे महागडी, वेगवान डिस्क बसवली असती तर ती वर्षानुवर्षं नुसती गरम होत बसली असती. जिथे कामच नाही तिथे खर्च न करणं सोपं वाटतं, पण ‘असू द्या, लागलं तर’ म्हणणारा कुणीतरी प्रत्येक बैठकीत असतोच. इथे त्याचं कुणी ऐकलेलं नाही.

डेटाबेसकडे आलं की हात एकदम सैल सुटतो. स्टॅक ओव्हरफ्लोचा मुख्य डेटाबेस डेल आर७२०एक्सडी या दोन यूच्या यंत्रांच्या जोडीवर होता. प्रत्येकात ३८४ जीबी रॅम, १६ जीबीच्या चोवीस स्टिक. वेब सर्व्हरमध्ये चॅनलमागे एक स्टिक होती. इथे चॅनलमागे तीन, म्हणजे यंत्रातला एकूण एक स्लॉट भरलेला. इतक्या स्टिक लावल्या की मेमरीचा वेग खाली उतरतो. निवडणाऱ्याला ते ठाऊक असणारच, आणि त्याने ते पत्करलेलं आहे. कारण इथला सौदा वेगळा आहे. डेटाबेसला हवं ते पान रॅममध्ये सापडलं तर काम नॅनोसेकंदांच्या हिशेबात होतं. नाही सापडलं तर चांगल्यातल्या चांगल्या एसएसडीकडेही सूक्ष्मसेकंद मोजावे लागतात. मेमरी जराशी मंद झाली तरी चालेल, पण डिस्कपर्यंत जाण्याची वेळ शक्यतो येऊ नये. एकाच माणसाने एकाच यादीत एकदा मेमरीच्या वेगाला झुकतं माप दिलं आणि एकदा क्षमतेला, आणि दोन्हीकडे त्याचं बरोबर आहे. कोष्टकं पाठ करून हे जमत नाही.

आता सगळ्यांत धाडसी ओळ. या यंत्रात इंटेलचं पी३६०८ हे ४ टीबीचं एनव्हीएमई कार्ड आहे आणि त्यापुढे लिहिलंय: रेड-०. या कार्डाच्या पोटात दोन वेगळे कंट्रोलर असतात, त्यामुळे सिस्टीमला ते एक कार्ड दोन डिस्कसारखं दिसतं. रेड-० ने ती दोन अर्धुकं सांधून एक केली. नक्कल कुठेच नाही. एक अर्धुक गेलं की सगळं गेलं. मुख्य डेटाबेसखाली रेड-० पाहून कुठल्याही मुरलेल्या ॲडमिनच्या पोटात गोळा यावा. पण जरा मागे सरून पाहा. याच डेटाबेसची एक प्रत शेजारच्या जुळ्या यंत्रावर सतत तयार होत असते आणि आणखी एक कोलोराडोतल्या पर्यायी डेटा सेंटरमध्ये. म्हणजे नक्कल आहे, फक्त ती कार्डाच्या पातळीवर न ठेवता यंत्राच्या पातळीवर नेलेली आहे. कार्डाला जोडकार्ड देऊन फक्त कार्डाचं मरण टळतं. यंत्राला जोडयंत्र दिलं की कार्ड, मदरबोर्ड, वीजपुरवठा, सगळ्यांचं मरण पचवता येतं. मग तेच संरक्षण दोनदा विकत कशाला घ्यायचं? यात एक मेख जरूर आहे. त्या प्रती असिंक्रोनस होत्या, म्हणजे मूळ यंत्र अचानक गेलं तर शेवटच्या काही क्षणांत लिहिलेलं हातचं जाऊ शकतं. प्रश्नोत्तरांच्या साइटला ते परवडतं. बँकेने या ओळीची नक्कल करू नये. आपल्याला नेमकं काय गमावणं परवडेल याचा इतका थंड डोक्याने केलेला हिशेब हार्डवेअरच्या यादीत क्वचितच वाचायला मिळतो.

दुसरी जोडी पहिलीशी ताडून वाचावी, म्हणजे तिचा रंग खुलतो. ती आर७३०एक्सडीची, एक पिढी नवी. सुपर युझर, सर्व्हर फॉल्ट अशा याच कंपनीच्या इतर सगळ्या साइट, चॅट, त्रुटींची नोंदवही, असं उरलेलं सारं हिच्या गळ्यात. इथे रॅम दुप्पट, ७६८ जीबी. शंभराहून जास्त छोटे-मोठे डेटाबेस एकाच छपराखाली नांदवायचे तर प्रत्येकाचा रोज लागणारा भाग मेमरीत मावायला जागा हवी, हे समजतं. पण प्रोसेसर? नव्या पिढीचं यंत्र, जास्त डेटाबेस, आणि कोअर मात्र कमी! जुन्या जोडीत प्रत्येक प्रोसेसर बारा कोअरचा होता, इथे ई५-२६६७ व्ही३, आठ कोअरचा, पण वेग ३.२ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.६. दोन प्रोसेसर मिळून चोवीसाच्या जागी सोळा.

यादीत याचं कारण शेजारी छापलेलं नाही, पण मायक्रोसॉफ्टच्या दरपत्रकात ते सापडतं. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून लायसन्सचे पैसे कोअर मोजून घेतले जातात. एंटरप्राइझ आवृत्तीचा त्या काळातला छापील दर दोन कोअरमागे १४,२५६ डॉलर होता. आठ कोअर वाचले म्हणजे एका यंत्रामागे सत्तावन्न हजार डॉलर वाचले, निदान छापील दराने. एवढ्यात अख्खं यंत्र येऊन वर पैसे उरतात. शिवाय ज्याला एका क्वेरीचं उत्तर लवकर हवं आहे त्याला कोअरची संख्या वाढवून विशेष काही मिळत नाही. त्याला एकेक कोअर चपळ हवा. पैसाही वाचला आणि क्वेरीही पळाली. रॅमवर लायसन्स नाही, म्हणून रॅम भरभरून. कोअरवर लायसन्स आहे, म्हणून कोअर मोजूनमापून. ‘सोळा कोअर, ७६८ जीबी’ हे प्रमाण वरवर बेढब दिसतं. दरपत्रक शेजारी ठेवून वाचलं की त्याच्याइतकं सुबक प्रमाण दुसरं सुचत नाही.

दोन्ही जोड्यांच्या दर्शनी भागात अडीच इंची चोवीस डिस्कचे कप्पे आहेत, आणि त्यांत घातलेला माल वेगळा. पहिल्या जोडीत इंटेल ७१० मालिकेचे २०० जीबीचे चोवीस एसएसडी. ही मालिका खास सतत लिहिण्याचा मारा सोसण्यासाठी बनवलेली. दुसऱ्या जोडीत चक्क फिरत्या हार्ड डिस्क, मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या, १.२ टीबीच्या चोवीस. दोन्हीकडे मांडणी रेड-१०, आणि तिच्यात निम्मी जागा नकलेला जाते. म्हणजे एकीकडे २.४ टीबी दणकट जागा, दुसरीकडे १४.४ टीबी प्रशस्त जागा. वेगाचं काम इथेही एनव्हीएमई कार्डांवर गेलंय म्हटल्यावर कप्प्यांत स्वस्त नि मोठा माल भरायला हरकत कसली? एसएसडीच्या जमान्यात हार्ड डिस्क विकत घ्यायला उलट जास्त आत्मविश्वास लागतो.

आणि आता माझी सगळ्यांत आवडती जागा. ती यादीच्या मधोमध आहे आणि नजर तिच्यावरून सहज घसरते. टॅग इंजिन नावाची एक सेवा आहे. ‘जावा’ आणि ‘स्ट्रिंग’ हे दोन्ही टॅग असलेले, पण ‘अँड्रॉइड’ नसलेले प्रश्न मतांच्या क्रमाने दाखवा, असल्या मागण्या ती पुरवते. कोटीभर प्रश्नांच्या क्रमांकांच्या याद्या मेमरीत धरायच्या आणि त्या भराभर चाळायच्या. या सेवेची तीन यंत्रं. त्यातल्या नव्या दोघांत प्रोसेसर आहे ई५-२६४३ व्ही३, अवघ्या सहा कोअरचा. वेब सर्व्हरच्या प्रोसेसरच्या निम्मे कोअर. वेग ३.४ गिगाहर्ट्झ, गरजेला ३.७, तो ठीक. पण इंटेलच्या तपशीलपत्रात कॅशचा रकाना पाहा. बारा कोअरच्या ई५-२६९० व्ही३ ला ३० एमबी कॅश आहे, म्हणजे कोअरमागे अडीच. सहा कोअरच्या या प्रोसेसरला पंधरा एमबी मिळायला हवी होती. मिळाली आहे वीस. कोअरमागे सव्वातीनच्या वर.

याद्या चाळणाऱ्या कामात प्रोसेसरचा वेळ गणितात जात नाही, मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहण्यात जातो. कॅशमध्ये असलेला आकडा रॅममधल्या आकड्यापेक्षा कितीतरी लवकर हाती लागतो. अशा कामाला कोअरमागे पाऊण एमबी जास्त कॅश मिळणं हे कोअर वाढवण्यापेक्षा मोलाचं. कोअरच्या संख्येवर नजर ठेवणाऱ्याला हा प्रोसेसर महागात पडलेला सौदा वाटेल. चालू कोड ज्याने मोजून पाहिला आहे त्यालाच त्याचं मोल दिसतं. यंत्राचं कवच तेच, आर६३०. रॅम तीच, ६४ जीबी. लांबून पाहणाऱ्याला वेब सर्व्हर आणि टॅग इंजिन यांत फरक सांगता येणार नाही. फरक सगळा त्या एका चौकोनी चिपमध्ये, आणि तिच्यातही सिलिकॉनच्या एका पट्ट्यात. मला विचाराल तर पूर्ण यादी या ओळीत उतरली आहे.

रेडिसच्या दोन यंत्रांची गोष्ट याच चालीची, थोडक्यात आटोपते. रेडिस आज्ञा एकापाठोपाठ एकच उचलतो, दहा हातांनी नाही. म्हणून प्रोसेसर निवडला ई५-२६८७डब्ल्यू व्ही३. नावातलं ‘डब्ल्यू’ वर्कस्टेशनचं. हा १६० वॅट खाणारा प्रोसेसर मूळचा टेबलाखालच्या भारी संगणकांसाठी, पण मूळ वेगच ३.१ गिगाहर्ट्झ. रॅम २५६ जीबी, सोळा स्टिकमध्ये, चॅनलमागे बरोब्बर दोन. त्या फेब्रुवारीतल्या दिवशी रेडिसकडे ५८३ कोटी वेळा विचारणा झाली आणि एसक्यूएल सर्व्हरकडे विनंत्यांमधून ५० कोटींच्या वर क्वेरी गेल्या. पानांच्या संख्येने भागलं तर पानामागे रेडिसला सुमारे ८८ हाका आणि डेटाबेसला साडेसात. डेटाबेसची चार यंत्रं का पुरली, याचं अर्धं उत्तर या भागाकारात आहे. आणि रेडिसच्या प्रक्रिया एवढं करून प्रोसेसरचे दोन टक्केही वापरत नव्हत्या.

लोड बॅलन्सर सहसा कुणी वाचत नाही. येणारी विनंती आत कुणाकडे द्यायची हे ठरवणारा दारवान तो. त्याच्यात बघायचं काय? मुख्य जोडीचा प्रोसेसर बघा: ई५-२६३७ व्ही२, केवळ चार कोअर, पण वेग ३.५ ते ३.८. संपूर्ण यादीतला हा सर्वांत कमी कोअरचा आणि सर्वांत चपळ प्रोसेसर. या यंत्रांवर चालणाऱ्या एचएप्रॉक्सी या सॉफ्टवेअरला एका प्रक्रियेत अनेक थ्रेड चालवणं २०१७ च्या शेवटी १.८ आवृत्तीत जमलं. २०१६ मध्ये त्याला कोअर देऊन फायदा थोडा, वेग देऊन फायदा पुरेपूर. सॉफ्टवेअरची त्या दिवशीची मर्यादा ओळखून चिप निवडलेली आहे. नेटवर्क कार्डंही दोन जोड्या: बाहेरच्या जगाला एक, आतल्याला एक. आणि लॉग साठवायला मिनिटाला ७,२०० फेऱ्यांच्या साध्या हार्ड डिस्क, एक टीबीच्या सहा. लॉग म्हणजे एकामागून एक, सलग लिहीत जाणं. डोकं उचलून इकडेतिकडे धावायचं नाही. असल्या सलग लिहिण्याला फिरती डिस्क पुरेशी पडते. निम्मी जागा नकलेला सोडूनही तीन टीबी स्वस्तात पदरात पडले.

शोधाची तीन यंत्रं जुनीच ठेवलेली, आर६२०. इथे एक गोष्ट मला खटकते. १९२ जीबी रॅम, १६ जीबीच्या बारा स्टिक. म्हणजे प्रोसेसरमागे सहा, आणि चॅनल चार. सहा चारांत सारखे बसत नाहीत; दोन चॅनलवर दोन-दोन, दोनवर एकेक. वेब सर्व्हरमध्ये इतका काटेकोर तोल सांभाळणाऱ्या हाताकडून हे कसं सुटलं, असं वाटून जातं. दिवसाला पावणेदोन कोटींच्या आसपास शोध आणि तीन यंत्रं, त्यामुळे काही बिघडत नसणार. पण वाचताना तिथे ठेच लागते, एवढं खरं.

नेटवर्कच्या ओळीत सगळीकडे १० गिगाबिट. आता गंमत अशी की त्या दिवशी एचटीटीपीवरून बाहेर गेलेली माहिती होती १.२४ टीबी. सेकंदावर आणली तर सरासरी ११५ मेगाबिट भरते. पुण्यामुंबईत घरी जी फायबर जोडणी घेतो तिचा वेग साधारण एवढाच असतो! चित्रं इम्गुरकडे ठेवलेली, पानं आकुंचित करून पाठवलेली. उरतो तो मजकूर, आणि मजकूर हलका असतो. मग १० गिगाबिट कुणासाठी? आतल्या आत बोलण्यासाठी. समजा शंभर मेगाबाइटचा एक गठ्ठा रेडिसमधून वेब सर्व्हरकडे न्यायचा आहे. एक गिगाबिटच्या तारेवर त्याला आठ दशांश सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ त्या तारेवरची बाकीची सगळी छोटी विचारणा खोळंबून राहते. दहा गिगाबिटवर हाच खोळंबा आठ शतांश सेकंदाचा. सरासरी पाहून तार घेतली असती तर कागदोपत्री काटकसर झाली असती आणि दिवसातून शंभरदा पान अडखळलं असतं.

इथे तो नेहमीचा आक्षेप घ्यायला हवा. क्रेव्हर यांनीच लिहिलं होतं की सगळी साइट एकाच वेब सर्व्हरवर चालू शकते, आणि हे न ठरवता दोनचारदा तपासूनही झालंय. मग नऊ कशाला? ही उधळपट्टी नाही का? रांगेचं गणित याचं उत्तर देतं. साध्यातल्या साध्या रांगेत यंत्र पन्नास टक्के गुंतलेलं असेल तर कामाला एरवीच्या दुप्पट वेळ लागतो. नव्वद टक्के गुंतलं तर दहापट. पाच टक्के गुंतलेल्या यंत्रात रांग जवळजवळ नसतेच. प्रश्नाचं पान त्या दिवशी सरासरी २२.७१ मिलिसेकंदांत तयार होत होतं, आणि तेही चार कोटी नव्वद लाखांवर वेळा. मोकळे कोअर दिसतात ते या आकड्याची किंमत म्हणून मोजलेले आहेत. ‘तुमचे सर्व्हर ऐंशी टक्के वापरात आहेत’ हे वाक्य अनेक ठिकाणी शाबासकी म्हणून उच्चारलं जातं. माझ्या मते ती तक्रार समजावी.

याच्या अगदी उलट विचाराचंही एक थोर घराणं आहे. १९९९ मध्ये गूगलने स्वस्तातले मदरबोर्ड कॉर्कच्या थरावर, एका ट्रेवर चार असे मांडून आपले सर्व्हर बनवले. सुटी यंत्रं मरणारच हे धरून चालायचं आणि सॉफ्टवेअरने ते झाकायचं. त्यातला एक नमुना कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये आहे. त्या कामाला तीच चीज शोभते: अख्ख्या वेबची सूची हजारो तुकड्यांत वाटता येते. स्टॅक ओव्हरफ्लोचा डेटाबेस मात्र एका यंत्रात मावत होता आणि तो तिथेच ठेवण्यात शहाणपण होतं. संस्थापकांपैकी जेफ ॲटवुड २००८ पासून मांडत होते की चांगला प्रोग्रॅमर महाग आणि यंत्र स्वस्त, तेव्हा यंत्र चांगलं घ्या. पण ही यादी पचते ती मागचा कोड तितकाच घट्ट असल्यामुळे. पानामागे साडेसात क्वेरींच्या जागी दीडशे क्वेरी टाकणाऱ्या साइटने हीच यंत्रं जशीच्या तशी आणली तर पदरात फक्त वीजबिल पडेल. व्हिडिओ दाखवणाऱ्या साइटला तर यातली एकही ओळ उपयोगी नाही.

ती यंत्रं आता नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लो क्लाउडवर गेलं आणि २०२५ मध्ये न्यू जर्सीतल्या डेटा सेंटरमधले त्यांचे सर्व्हर रॅकमधून काढून टाकण्यात आले. क्लाउडमध्ये स्टिक किती नि चॅनल किती हे तुम्हाला कुणी विचारत नाही. ठरलेल्या आकारांच्या तक्त्यातून एक उचलायचा असतो. तरी तो तक्ता वाचताना या यादीतली दुसरी डेटाबेस जोडी आठवावी. मायक्रोसॉफ्टच्या अझूरवर काही आकार असे मिळतात ज्यांत मेमरी आणि डिस्कचा वेग पूर्ण ठेवून कोअर मुद्दाम निम्मे किंवा पाव केलेले असतात. भाडं एका पैशाने कमी होत नाही. कमी होतो तो डेटाबेसच्या लायसन्सचा खर्च, आणि ते आकार ठेवलेच आहेत त्यासाठी.